जीपला पायरी करताय? आधी आईला उभी करा

जुन्या जीपला बाजूची पायरी करून बसवायची असेल तर पत्रा आणू नका, ग्राइंडरला हात लावू नका. जिच्यासाठी किंवा ज्याच्यासाठी पायरी करताय, त्या माणसाला आधी जीपशेजारी आणून उभं करा. गेल्या वर्षी मी नेमकं हेच केलं नाही. बाकी सगळं नीट होतं. प्लेट जाड होती, वेल्डिंग स्वच्छ होतं, रंगाचे दोन हात दिले होते. रविवारी जोतिबाला जायला निघालो. आईने एक पाय पायरीवर ठेवला, दुसरा उचलला आणि तो ठेवायला तिला जागाच मिळेना. ती तशीच मागे आली. येताना नडगी प्लेटच्या कडेवर घासली आणि घोट्यापासून चार बोटं वर सालटं निघालं. ती म्हणाली, "राहू दे रे, मी मागच्या गाडीतून येते." त्या दिवशी जीप घरीच राहिली.

आमची जीप सीजे-3बी, म्हणजे उंच बॉनेटची, महिंद्राने वर्षानुवर्षं बनवलेली. दार नाही, नुसता कापलेला उंबरा. तो जमिनीपासून 26 इंचांवर येतो. घरातल्या जिन्याची पायरी सहा-सात इंचांची असते, म्हणजे इथे चार पायऱ्या एका दमात चढायच्या. तरण्या माणसाला काही वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं, म्हणून मी माझ्याच पायाने मोजलं, पँट घालून आणि बूट घालून. चूक तिथेच झाली.

तर आईला उभी करा. ती प्रवासाला जशी निघते तशीच हवी, तीच साडी, तीच चप्पल. गोल साडीत पाय किती वर जातो हे पँटमधल्या माणसाला कळत नाही. गुडघा तयार असला तरी काठ आडवा येतो. तिच्या पायाशी विटा रचा. आपली वीट तीन इंच जाडीची, तेव्हा थर चढवत-उतरवत नेणं सोपं पडतं. वर एक फळी टाका आणि तिला चढू द्या. तुम्ही हात देऊ नका, शेजारी फक्त तयार उभे राहा. मी यंदा चार थरांपासून सुरुवात केली. चढताना तिने दात दाबून धरले. एक थर काढला, तर पहिलं पाऊल सहज पडलं, पण वरचा उंबरा लांब गेला. शेवटी फळीसकट साडेअकरा इंचांवर ती म्हणाली, "हां, हे बरंय." मी तिथेच खडूने चेसीवर खूण केली. हा आकडा तुमच्या कामाचा नाही. तुमचा आकडा तुमच्या घरातल्या विटाच सांगतील.

चढताना तिचे पाय बघा, कारण उंचीइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे ती कोणता पाय आधी जातो ही. आईचा डावा गुडघा दुखरा आहे. फिजिओथेरपिस्ट सांगतात की वर जाताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. म्हणजे ती उजवा पाय पायरीवर ठेवणार, मग डावा त्याच्याशेजारी आणणार, क्षणभर दोन्ही पायांवर उभी राहणार, पुन्हा उजवा आत टाकणार आणि बसणार. थोडक्यात, पायरीवर दोन पावलं मावायला हवीत. माझी पहिली पायरी 8 इंच लांब होती, एका बुटाची. तिचा डावा पाय अधांतरी राहिला तो यामुळेच. यंदा 16 इंच लांबी घेतली. हे मला कुठल्याही चित्रातून कळलं नसतं. तिला उभी केली, पाय बघितले, तेव्हा कळलं.

रुंदीचं सांगतो. पायरी बॉडीच्या खाली दडवून बसवली की दिसते सुबक, पण नडगी उंबऱ्याला घासते, कारण पावलाचा पुढचा भाग बॉडीखाली जातो आणि पाय सरळ वर येऊ शकत नाही. म्हणून थोडी बाहेर काढावी लागते. किती, ते सुतळीने ठरवा. पुढच्या मडगार्डच्या बाहेरच्या कडेपासून मागच्या टायरपर्यंत सुतळी ताणा आणि तिच्या पलीकडे काहीही जाऊ देऊ नका. गल्लीत शेजारून जाणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या पायाला लागेल. माझ्या जीपवर बाहेर साडेचार इंचच मिळाले. तेवढ्यात पूर्ण पाऊल सरळ मावत नाही, म्हणून ते तिरकं ठेवायला लांबीचा पुन्हा उपयोग झाला. अमेरिकेत 1932 च्या फोर्डचे फूटबोर्ड आणि मडगार्ड काढून हॉट रॉड, म्हणजे हौसेने बदललेली वेगवान गाडी करतात, त्यांच्यापुढेही हाच पेच असतो. गाडी देखणी होते आणि पाय ठेवायला काही उरत नाही.

आता लोखंड. बॉडीच्या पत्र्याला पायरी अडकवू नका, कधीच नाही. तो पत्रा पातळ असतो. शिवाय बॉडी चेसीवर पॅकिंग ठेवून बसवलेली असते आणि खड्ड्यात दोघांची हालचाल वेगळी होते. एकच ब्रॅकेट दोन्हींना बांधलं तर वर्षाच्या आत कुठेतरी तडा जाणार. पायरी फक्त चेसीला. आणि चेसीला वेल्डिंग करायचं नाही, बोल्ट मारायचे. भोकं चेसीच्या उभ्या अंगाला, मध्याच्या आसपास. वरच्या किंवा खालच्या आडव्या पट्टीला ड्रिल लावलंत तर चेसीची ताकद जिथे असते तिथेच तुम्ही ती तोडली. वेल्डर म्हणेल, "साहेब, दोन टाके मारतो, काय होत नाही." नाही म्हणा.

जीपची चेसी अरुंद असते आणि बॉडी दोन्हीकडे बरीच बाहेर येते, त्यामुळे ब्रॅकेटचा हात लांब होतो. माझ्याकडे चेसीपासून पायरीच्या मध्यापर्यंत 16 इंच भरले. वरच्या आणि खालच्या बोल्टमधलं उभं अंतर 3 इंच. आईचं वजन 68 किलो. 68 ला 16 ने गुणा, 3 ने भागा, वरच्या बोल्टांवर साडेतीनशे किलोंच्या वर ओढ येते. तीही ती हळूच उभी राहिली तर. कोणी पोरगं उडी मारून चढलं तर दुप्पट धरा. म्हणून ब्रॅकेट दोन घ्या आणि प्रत्येकाला चार बोल्ट द्या, 10 एमएम, 8.8 ग्रेड म्हणजे जास्त ताकदीचे, डोक्यावर आकडा कोरलेला बघून घ्या. चेसीच्या आतल्या बाजूला 5 एमएमची पट्टी टाका. नुसत्या वॉशरवर भरवसा ठेवला तर चेसीचा पत्रा वॉशरभोवती दबतो, बोल्ट सैल होतो आणि तुम्हाला ते दिसतही नाही. नट नायलॉकचेच, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, ते सैल होत नाहीत. जमलं तर ब्रॅकेट क्रॉस मेंबरच्या, म्हणजे चेसीच्या दोन बाजू जोडणाऱ्या आडव्या तुळईच्या जवळ घ्या, म्हणजे पायरीवर भार आला की चेसी पिळली जात नाही.

भोक पाडायच्या आधी चेसीच्या आतल्या बाजूने हात फिरवा. ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी, मागच्या दिव्यांच्या वायरी तिथूनच जातात. ड्रिल आरपार गेल्यावर कळून उपयोग नाही. सायलेन्सर कुठून येतो तेही बघून ठेवा. विलीस या मूळ अमेरिकी कंपनीच्या रचनेत पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, म्हणजे तुम्ही जिथे ग्राइंडर चालवणार तिथून हातभर अंतरावर. म्हणून वेल्डिंग आणि घासकाम गाडीवर करायचंच नाही. ब्रॅकेट क्लॅम्पने धरा, खुणा करा, सगळं काढून दहा पावलं लांब न्या आणि तिथे जोडा. गाडीवर एक टाका मारण्यावाचून गत्यंतरच नसेल तर आधी टाकी उतरवा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, नाहीतर अल्टरनेटर गेला म्हणून समजा.

ब्रॅकेटच्या हाताला 40 बाय 40 एमएमचा एमएस, म्हणजे साध्या लोखंडाचा चौकोनी पाइप, 3 एमएम जाडीचा. जिथे तो चेसीच्या प्लेटला मिळतो तिथे त्रिकोणी गसेट, म्हणजे कोपऱ्यात आधाराला जोडलेला पत्र्याचा तुकडा. गसेट नसेल तर सगळा भार वेल्डिंगच्या एका रेघेवर येतो. प्लेट 5 एमएमची चेकर्ड, म्हणजे वर उठावाची नक्षी असलेली. घरी जुना जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप पडलाय म्हणून तो घेऊ नका. वेल्डिंग करताना जस्ताचा धूर होतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. माझ्या मिस्त्रीला आला होता.

टाके मारून झाले की पूर्ण वेल्डिंग करायच्या आधी थांबा. ब्रॅकेट नुसत्या दोन बोल्टांवर गाडीला लावा आणि पुन्हा आईला बोलवा. हो, पुन्हा. विटा खालून हलत नाहीत, लोखंड थोडं लवतं. विटांच्या कडा बोथट असतात, प्लेटच्या नसतात. ती चढेल, उतरेल, साडीचा काठ कुठे अडकतो ते दिसेल. आमच्याकडे बोल्टाचं टोक अर्धा इंच बाहेर आलं होतं, त्यात काठ अडकला. ते कापलं. प्लेटचे कोपरे गोल केले, कडेला 12 एमएमचा गोल बार फिरवला. आता नडगी लागली तरी सोलणार नाही. हा बार मागच्या वेळी असता तर निदान सालटं निघालं नसतं. पण पाय अधांतरी राहिलाच असता, कारण तिला उभी करूनच बघितलं नव्हतं.

हाताचंही बघायला हवं. पाय वर जातो तेव्हा हात काहीतरी धरतोच, आणि जीपमध्ये समोर दिसते ती काचेची चौकट. ती पुढे पाडायची असते आणि क्लॅम्पवर उभी असते, अंगाचं वजन ओढायला नसते. आई काय धरते ते तिला उभी केल्यावर लगेच दिसलं. आत डॅशच्या कडेला, तिचा हात आपणहून जातो त्या जागी, मागून पट्टी देऊन दांडा बसवला. दांडा जाड हवा, सव्वा इंचाचा. बोटं दुखणाऱ्या माणसाला बारीक सळई धरवत नाही.

कायद्याचं एकदा विचारून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 बद्दल 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे की कंपनीच्या मूळ नोंदीपासून गाडी बदलता येत नाही. पायरीमुळे गाडीची रुंदी वाढत असेल तर आरटीओत जाऊन आधी बोला. पायरी बोल्टची ठेवण्याचं हेही एक कारण आहे, ती काढता येते.

पूर्ण वेल्डिंग एका बाजूने सलग ओढू नका, प्लेट वाकते. इकडे एक इंच, तिकडे एक इंच. प्लेटला पाणी जायला तीन-चार भोकं पाडा, पावसाळ्यात चेकर्डच्या खाचांत चिखल बसतो. मग तुम्ही स्वतः पायरीवर उभे राहा आणि दोन-तीनदा उडी मारा. पायरी खडूच्या खुणेखाली सरकली तर बोल्ट घसरलेत. सगळं सोडून पुन्हा कसा.

रंग म्हणजे गंज घासणं, रेडऑक्साइड, वरून काळा. चेसीतल्या भोकांच्या कडेलाही लावा. वरच्या पृष्ठभागावर ओल्या रंगात वाळू टाकून ठेवा, चकचकीत करू नका. 100 किलोमीटर झाल्यावर बोल्ट पुन्हा कसा, नंतर प्रत्येक सर्व्हिसिंगला. बांधावरून जीप उतरवताना पायरी टेकते, तिकडे जाणार असाल तर काढून ठेवा.

रंग वाळला की आईला परत उभी करा. या वेळी चप्पल ओली करून.