पाण्याखाली फोटो काढणारा आपला माणूस गेला तर त्याची आठवण कशी जपायची

सोलापूरहून समुद्र लांब की ओ, त्यामुळे आपल्याकडचा स्कूबावाला, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून पाण्यात खोल उतरणारा माणूस गेला की घरच्यांना कळतच नाही त्याच्या सामानाचं करायचं काय. हार घातलेला फोटो, दोन मिनिटं मौन, चार भाषणं, आणि हार्ड डिस्क कपाटात जाते ती जातेच. माझं म्हणणं एवढंच की खाली जाऊन त्यांनी जे बघितलं ते घरच्यांना दिसलं पाहिजे, बाकी सगळं नंतर. ओळखीतल्या एका डायव्हरच्या घरी बसून हे काम केलंय म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे कुणालाही काही डिलीट करू देऊ नका. एकाच माशाचे चाळीस फोटो दिसतील, असू देत. कार्ड, लॅपटॉप, डिस्क सगळ्याची कॉपी दोन वेगळ्या डिस्कवर घ्या आणि एक दुसऱ्या घरी ठेवा. कॅमेरा आणि फ्लॅशमधले सेल काढून टाका, नाहीतर गळून आतलं खराब होतं.

मनगटावर बांधायचं जाड घड्याळ असतं ना, ते घड्याळ नाही, डाइव्ह कॉम्प्युटर आहे, भाच्याला हौसेने देऊन टाकू नका. किती वाजता किती खोल होते ते त्यात असतं. सबसरफेस नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सने २०११ मध्ये सुरू केलेलं, तो स्वतः डायव्हर. बऱ्याच मॉडेलचा डेटा त्यात उतरतो आणि फोटो टाकले की वेळेवरून कळतं कुठला फोटो किती मीटरवरचा, फक्त कॅमेऱ्याचं घड्याळ तपासा, मालदीवची वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे आणि तिथे गेल्यावर कुणी बदलली असेल कुणी नसेल. त्यांनी डाइव्हच्या नोंदींची वही ठेवली असेल तर सोन्याहून पिवळं, तारीख, जागा आणि बडीचं नाव असतं त्यात. बडी म्हणजे सोबत उतरणारा. त्याला फोन कराच, फोटोमागची गोष्ट त्याच्याकडेच असते, व्हॉइस मेसेज मागवा, लिहून देतो म्हणणारे देत नाहीत.

जुन्या फिल्मच्या स्लाइड असतील तर माळ्यावर नकोत, आपला एप्रिल-मे म्हणजे चाळीसच्या वर. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून घरातल्या थंड खोलीत ठेवा आणि लवकर स्कॅन करा.

आता फोटोंचं छोटं प्रदर्शन लावायचं, त्याच्या प्रिंट. स्टुडिओवाला म्हणेल फोटो निळा आलाय, करेक्ट करतो. थांबवा त्याला! पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी, पहिल्या काही मीटरमध्येच जातो, म्हणून फ्लॅशशिवाय काढलेला फोटो निळा-हिरवाच असणार, तिथे तसंच दिसतं. फ्लॅश मारलेल्या फोटोत प्रवाळाचा खरा लाल-केशरी येतो, असे दोन्ही शेजारी लावा, लोक तिथेच थबकतात. पांढरे ठिपके म्हणजे पाण्यातल्या कणांवर पडलेला उजेड, ते पण पुसू नका. मॅट पेपर घ्या, ग्लॉसीवर हॉलमधली ट्यूबलाइट चमकते.

फोटो दहा-पंधरा बास. खाली मराठीत जागा, किती खोल, तारीख आणि काय आहे ते. नुसतं १८ मीटर लिहिलं तर मावशीला काय कळणार, सहा मजली बिल्डिंग म्हणा. तारकर्लीचा किंवा कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाचा फोटो असला तर तो आधी लावा, लोकांनी निदान नाव ऐकलेलं असतं. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जागा बघा, भाषणं तीन मिनिटांची, आणि अध्यक्षीय समारोप वगैरे नकोच.

सिलिंडर भरलेला असेल तर उन्हात ठेवू नका, डाइव्ह सेंटरवाल्याला विचारून रिकामा करा. रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडाने घ्यायचं यंत्र) घालून कुणी उजनीत उतरायची आयडिया काढली तर सरळ नाही म्हणा, ट्रेनिंगशिवाय जीव जातो.

शेवटचं कागदाचं काम. स्वतःसाठी काढलेल्या फोटोंचा कॉपीराइट वारसांकडे येतो आणि आपल्याकडे तो मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. त्यामुळे कुणी शाळेसाठी, मासिकासाठी फोटो मागितला तर हो-नाही कोण सांगणार हे घरात एकदा बसून ठरवा, कागदावर सगळ्यांच्या सह्या घ्या आणि तो कागद डिस्कच्या डब्यातच ठेवा, पासवर्डच्या चिठ्ठीसोबत.