पुस्तक गप्प बसतं तेव्हा: डीएमने निर्णय कसा द्यावा

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या कल्पनेतल्या साहसाच्या खेळातली एक संध्याकाळ. अरुंद भुयार, समोर सहा गॉब्लिन (छोटे राक्षस). आमच्या विझर्डने (जादूगाराने) जमिनीवर 'ग्रीस' हा स्पेल (जादूचा मंत्र) टाकला होता, म्हणजे १० फूट लांब-रुंद जागा वंगणाने बुळबुळीत. दोन गॉब्लिन सपशेल आडवे. पुढची पाळी 'रोग'ची, म्हणजे चोरट्या, चपळ पात्राची (इंग्रजीतला rogue). ती खेळणारी मैत्रीण म्हणाली, "मी यावर मशाल फेकते. पेटेल ना?"

झालं! एक म्हणाला, वंगण म्हणजे चरबी, पेटणारच. दुसऱ्याने मोबाइलवर नियम काढला. विझर्डवाला ओरडला, "अगं, मी अजून तिथेच उभा आहे!" वीस मिनिटं वाद चालला, गॉब्लिन बिचारे तसेच पडून. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा होतो आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या संध्याकाळनंतर जी पद्धत बसवली, ती इथे देतो.

हा खेळ नवा असेल त्यांच्यासाठी: 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम असतो. तो जग उभं करतो, बाकीचे आपापलं पात्र काय करतं ते सांगतात आणि जिथे शंका तिथे वीस बाजूंचा फासा पडतो. पुस्तकात नियम शेकडो पानं आहेत, तरी खेळाडू तिसऱ्याच पाळीला असं काही करतो की ते त्यात नसतंच. खेळाच्या २०१४ च्या नियम-पुस्तकात ग्रीसवर कोण घसरेल, कधी घसरेल, स्पेल किती वेळ टिकेल हे सगळं दिलंय. पेटण्याबद्दल अवाक्षर नाही.

१. आधी विचारा: तुला काय व्हायला हवंय?

खेळाडू कृती सांगतो, हेतू पोटात ठेवतो. "पेटेल का?" या प्रश्नाला थेट उत्तर देऊ नका. मी विचारलं असतं तर कळलं असतं की तिला गॉब्लिन जाळायचे नव्हतेच, मागून येणाऱ्यांची वाट अडवायची होती. निम्मे वाद या एका प्रश्नावर मिटतात.

२. पुस्तकाला दोन मिनिटं द्या

ज्याचा स्पेल त्याने शोधायचं. तोवर तुम्ही पुढच्या खेळाडूची पाळी घ्या. वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: सर्वसाधारण नियम आणि विशिष्ट नियम भांडले तर विशिष्ट जिंकतो, हे पुस्तकानेच सांगितलंय. दोन मिनिटांत सापडलं नाही तर पुस्तक बंद. पात्र मरायची वेळ आली असेल तर मात्र थांबा, चहा ठेवा, नीट वाचा. कुणाचं वर्षभर जपलेलं पात्र अंदाजाने मारू नये.

३. आकडा मनातून काढू नका, शेजारच्या नियमाकडून उसना घ्या

सगळ्यात कामाची पायरी हीच, आणि नवे डीएम नेमकी हीच गाळतात. "बरं, पेटलं, सगळे मेले" असं म्हणून मोकळे होतात. त्याऐवजी विचारा, यासारखं आणखी काय आहे? २०१४ च्या त्याच पुस्तकात सामानाच्या यादीत तेलाची बाटली आहे, किंमत चांदीचं एक नाणं. जमिनीवर ओतली की ५ फूट लांब-रुंद जागा भिजते. पेटवली तर २ फेऱ्या (सगळ्यांची एकेक पाळी झाली की एक फेरी) जळते आणि त्या आगीत शिरणाऱ्याला किंवा तिथे आपली पाळी संपवणाऱ्याला ५ इजा होते.

आता हिशोब करा. ग्रीसची जागा १० बाय १०, म्हणजे तेलाच्या चार बाटल्यांएवढी. २०१४ च्या नियमांत साध्या गॉब्लिनचे हिट पॉइंट, म्हणजे इजा सोसायची ताकद, असतात ७. एका पाळीत तो भाजेल, मरणार नाही. दुसऱ्या पाळीलाही तिथेच राहिला तर संपला. निर्णय आपोआप तयार झाला: पेटेल, २ फेऱ्या जळेल, ५ इजा करेल, आणि आग विझली की वंगणही संपलं. रोगला आग मिळाली, पण निसरडी जागा गेली. फुकट काही नाही.

असा शेजारी नियम नसेल तर अवघडपणाचे, म्हणजे फासा टाकून किमान किती यायला हवेत याचे, तीन आकडे पुरतात: सोपं १०, मध्यम १५, अवघड २०. पुस्तकात ५ पासून ३० पर्यंत आहेत, मी हे तीनच वापरतो. परिस्थिती खेळाडूच्या बाजूची असेल तर अॅडव्हान्टेज द्या, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. याचं वजन ओळखून असा. फाशावर ११ हवे असतील तर शक्यता ५० टक्क्यांवरून ७५ वर जाते, १५ हवे असतील तर ३० वरून ५१ वर. "चल, तुला थोडी मदत" म्हणून वाटायची ही वस्तू नाही.

४. फासा पडायच्या आधी सगळं बोलून टाका

"मशाल नीट पडायला १० हवेत. त्याखाली आले तर ती विझर्डच्या पायाशी पडेल." हे आधी सांगितलं की खेळाडूला विचार बदलायची मुभा असते, आणि ते अगदी रास्त आहे. आमची रोग हे ऐकून म्हणाली असती, "मग नको, आधी त्याला बाहेर येऊ दे." फासा पडल्यावर परिणाम ठरवला तर निर्णय कितीही योग्य असो, समोरच्याला वाटतं डीएमने डाव साधला. गल्लीत क्रिकेट खेळताना 'गच्चीवर गेला की आऊट' हे चेंडू गच्चीवर गेल्यावर कुणी सांगितलं तर काय होतं, आठवा.

कुणाला पटलं नाही तर त्याला एक वाक्य बोलू द्या, ऐका, मग ठरवा. उरलेला वाद खेळ संपल्यावर.

आणि स्वतःला एक प्रश्न: उद्या गॉब्लिनांनी हाच नियम यांच्यावर वापरला तर मी तो लावेन का? कचरत असाल तर निर्णय बदला.

५. लिहिलेलं कधी मोडू नये, कधी मोडावं

पुस्तक गप्प असेल तिथे तुमचं राज्य. पण जिथे ते स्पष्ट बोलतंय तिथे ऐन लढाईत त्याच्यावर कुरघोडी करू नका. 'फायरबॉल' हा आगीचा स्पेल सहा बाजूंच्या ८ फाशांएवढी इजा करतो, हे वाचूनच खेळाडूने तो निवडलाय. तुम्हाला जास्त वाटते म्हणून आज ६ फासे केले, तर तो पुन्हा पुस्तकावर विसंबणार नाही. बदल हवाच असेल तर नवी मोहीम सुरू होताना सांगा.

उलट टोकही आहे. शेकडो शेतकरी रांगेत उभे करायचे, प्रत्येकाने 'तयार राहण्याच्या' कृतीने (आपली कृती ठरलेल्या क्षणासाठी राखून ठेवून) भाला पुढच्याकडे द्यायचा, फेरी ६ सेकंदांचीच असल्यामुळे टोकाला भाला तोफगोळ्यासारखा सुटेल, हा जुना विनोद आहे. कागदोपत्री भाला पुढे देण्याची प्रत्येक पायरी बरोबर! २०२४ च्या डीएम मार्गदर्शकात याला स्पष्ट नकार आहे: नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे.

पंच मोठा की पुस्तक, हे भांडण या खेळाहून जुनं आहे, बरं का. प्रशियाच्या (जुन्या जर्मन राज्याच्या) सैन्यात राइसविट्झ या अधिकाऱ्याच्या १८२४ च्या युद्धखेळात फासे आणि तक्ते होते. पुढे अधिकारी त्या तक्त्यांना कंटाळले आणि १८७६ मध्ये फेर्दी द्यु व्हेर्नुआ या त्याच सैन्यातल्या अधिकाऱ्याने तक्ते बाजूला सारून पंचाच्या अनुभवावर खेळ सोपवला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आणला तो युद्धखेळांच्याच घराण्यातून, त्यामुळे पंच आणि पुस्तक दोघेही वारशात आले.

६. वहीत लिहा

निर्णय दिला की एक ओळ: तारीख, काय ठरलं, का. घरी गेल्यावर शांतपणे नियम वाचा. चुकलं असेल तर पुढच्या शनिवारी सुरुवातीलाच सांगा, "यापुढे असं." झालेली लढाई मात्र परत खेळू नका, मेलेले गॉब्लिन मेलेलेच.

२०२४ च्या सुधारित पुस्तकात ग्रीसच्या वर्णनात एक विशेषण वाढलंय: न पेटणारं. विझर्डवाला ते पान घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. माझ्या वहीत त्या ओळीपुढे आता लिहिलंय, 'ही मोहीम संपेपर्यंत पेटतं.' खाली त्याचीच सही आहे.