ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतंय? डिस्कला फेसिंग करून घेण्याची रीत

ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल तर संशय पुढच्या चाकांच्या ब्रेक डिस्कवर (चाकाबरोबर फिरणारी तबकडी, जिला ब्रेकचे पॅड आवळतात) घ्यावा. ब्रेक न दाबताही गाडी थरथरत असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग तपासा. करकचून ब्रेक मारल्यावरच पेडल धडधडत असेल, तर तो एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आपलं काम करतोय.

गॅरेजमध्ये सर्रास ऐकायला मिळतं, 'डिस्क वाकलीय.' बीडाची डिस्क अशी सहज वाकत नाही. तिची जाडी कमी-जास्त होते, आणि ०.०२ मिमीचा फरकही पायाला कळतो. फेसिंग म्हणजे लेथवर डिस्कच्या दोन्ही बाजू हलक्या कापून सपाट करणं.

सपाट जागी हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना उटी लावा, नट सैल करून मगच जॅक चढवा आणि गाडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर काम नको. कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) खोलून तारेने बांधून ठेवा. ब्रेकच्या होजवर लोंबकळू देऊ नका. हबवर (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) डिस्क कुठे बसली होती, त्याची खडूने खूण करा.

आता मायक्रोमीटर, म्हणजे जाडी मोजायचं बारीक माप. कडेपासून साधारण १० मिमी आत, गोलाकार आठ ठिकाणी जाडी मोजा. डिस्कवर 'मिनिमम थिकनेस' कोरलेली असते. समजा ती २० मिमी आहे आणि तुमची डिस्क २०.३ भरली. दोन्ही बाजूंनी प्रत्येकी ०.२ काढले की उरले १९.९, म्हणजे डिस्क भंगारात. तडे दिसले तरी नवीच घ्या. फेसिंग स्वस्त पडतं म्हणून पातळ डिस्क वापरणं हा शहाणपणा नव्हे, घाटात ती लवकर तापते.

लेथवाल्याला दोन गोष्टी बजावून सांगा: डावी-उजवी दोन्ही डिस्क करायच्या, आणि शेवटचा कट अगदी हलका घ्यायचा.

खरी मेख मात्र हबमध्ये आहे. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत काढा. तिथे गंजाची एक खपली राहिली तरी डिस्क तिरकी बसते, फिरताना डुलते, आणि काही हजार किलोमीटरमध्ये थरथर परत येते. मग दोष बिचाऱ्या लेथवाल्याला! डिस्क नटांनी आवळून डायल गेज (डिस्क फिरताना किती डुलते ते काट्यावर दाखवणारं माप) लावा; डोल बहुतेक कारमध्ये ०.०५ मिमीच्या आसपासच चालतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा.

लेथचा बारीक कीस साबणाच्या पाण्याने धुऊन डिस्क कोरडी करा, तेलकट हात लावू नका. पॅड शक्यतो नवे टाका. चाकाचे नट समोरासमोरचे, टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराइतकंच आवळणारा पाना) आवळा; एअर गनने ठोकलेले नट डिस्क तिरकी ओढतात. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबा.

मग मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत मध्यम ब्रेक, आठ-दहा वेळा, मध्ये थोडं अंतर ठेवून. तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून उभं राहू नका, पॅडचा ठसा उमटतो.

मोटारसायकलची डिस्क मुळातच जेमतेम ४-५ मिमीची. तिला लेथ नको, सरळ बदला.