बघायलाही आणि फोटोलाही एकच दुर्बीण? या चुका टाळा

आकाशदर्शनाच्या रात्री चहाच्या वेळेला हा प्रश्न हमखास येतो: "सर, अशी एकच दुर्बीण सांगा ना, जिच्यातून शनीची कडीही दिसतील आणि देवयानी दीर्घिकेचा फोटोही निघेल." विचारणाऱ्याने बजेट ठरवलेलं असतं, माल ऑनलाइन कार्टमध्ये टाकलेला असतो, मी फक्त मान डोलवायची बाकी असते. मी डोलवत नाही. त्यामुळे लोक मला खडूस म्हणतात, म्हणोत बापडे. त्याच त्या चुका दर हिवाळ्यात बघून कंटाळा आलाय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सगळा पैसा नळीवर, उरलासुरला माउंटवर

ही सगळ्या चुकांची आई. दुर्बीण म्हणजे नळी, आणि माउंट म्हणजे तिचं स्टँड, असं डोक्यात बसलेलं असतं. नुसतं बघायचं असेल तर हे थोडंफार खपून जातं. फोटोला अजिबात नाही. फोटो माउंट काढतो, नळी फक्त प्रकाश पुरवते.

मागे एका जानेवारीत भोरकडच्या माळावर एक गृहस्थ आठ इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) घेऊन आले होते. फोकल लेंथ (आरशापासून प्रतिमा तयार होते तिथपर्यंतचं अंतर) १००० मिलिमीटर, खाली ताऱ्यांच्या मागे फिरणारा ईक्यू-५ वर्गातला माउंट, वर गाइडस्कोप (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटला दुरुस्त करायची छोटी दुर्बीण), डीएसएलआर आणि वायरींचा गुंता. हातगाडीवर फ्रीज चढवावा तसा तो सगळा प्रकार दिसत होता. विक्रेत्याने त्यांना "दहा किलो आरामात घेतो" असं सांगितलेलं. नळीच नऊ किलोच्या घरात होती. मुळात तो दहाचा आकडा डोळ्याने बघण्यासाठीचा असतो. फोटोसाठी मी त्याच्या निम्माच धरतो, फार तर साठ टक्के.

पहिली अडचण ध्रुव ताऱ्याची. असल्या माउंटचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. उत्तरेला डोंगराची धार होती आणि ध्रुव तिच्यामागे. पुण्यात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर असतो, कोल्हापुरात सतराच्याही खाली, नागपुरात एकवीस. डोंगर, आंब्याचं झाड, शेजारची सोसायटी, काहीही त्याला सहज झाकतं. आणि ज्यांचे व्हिडिओ बघून लोक शिकतात ते चाळीस-पन्नास अक्षांशांवर बसलेले असतात, त्यांच्या ध्रुवाला झाडं आडवी येत नाहीत. या गृहस्थांनी मोबाइलचं होकायंत्र धरून अंदाजाने उत्तर गाठली.

दुसरी अडचण कुठल्याच जाहिरातीत नसते. आपल्या अक्षांशाला माउंटचा ध्रुवीय अक्ष इतका आडवा होतो की काउंटरवेटचा (नळीला तोलणाऱ्या वजनाचा) दांडा ट्रायपॉडच्या जवळ येतो आणि काही माउंटांवर फिरता फिरता सरळ पायाला लागतो. मृग दक्षिणेला चढला, यांनी गोटूचं (दुर्बीण आपोआप लक्ष्याकडे वळवण्याचं) बटण दाबलं, वजन पायावर खटकन आदळलं, अख्खा डोलारा हलला. अलाइनमेंट (अक्ष ध्रुवाशी जुळवणं) पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात वारा सुटला. आठ इंची नळी म्हणजे वाऱ्याला चांगलं रुंद शीड. रात्री उशिरापर्यंत झगडून हाती आलेल्या फ्रेममध्ये प्रत्येक तारा लांबट होता, आणि काहींमध्ये दोनदा उमटला होता.

"गाइडिंग चालू होतं तरी असं कसं?" हा त्यांचा प्रश्न, आणि तो नेहमीचाच. थोडा हिशोब करू. कॅमेऱ्याचा पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा. पिक्सेलच्या आकाराला २०६ ने गुणून फोकल लेंथने भागलं की एका पिक्सेलमध्ये किती आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आकाश मावतं ते कळतं. इथे ०.९. या वर्गातल्या माउंटचा वर्म (अक्ष फिरवणारा स्क्रूसारखा गिअर) साधारण दहा मिनिटांत एक फेरा घेतो आणि त्यात तारा वीस-तीस आर्कसेकंद पुढेमागे सरकला तर नवल नाही. गाइडिंग ही हळू होणारी चूक दुरुस्त करतं. वारा, सैल गिअर, लवणारी नळी यांच्यापुढे त्याचं काही चालत नाही. चूक झाल्यावर ते धावतं, तोवर फोटोत रेघ उमटलेली असते.

त्याच रात्री पलीकडे एक कॉलेजचा मुलगा जुना डीएसएलआर आणि १३५ मिलिमीटरची लेन्स छोट्या स्टार ट्रॅकरवर (कॅमेरा ताऱ्यांबरोबर फिरवणाऱ्या यंत्रावर) लावून बसला होता. मृगाच्या पट्ट्यापासून खालच्या तेजोमेघापर्यंतचा पट्टा त्याने एका चौकटीत घेतला, तारे ठिपक्यासारखे. त्याचं सगळं सामान पाठपिशवीत मावत होतं. आमचे गृहस्थ त्याच्या स्क्रीनकडे बराच वेळ बघत होते.

माझी सवय सांगतो. पैशाचा मोठा वाटा माउंटला. एचईक्यू-५ (ईक्यू-५ चा दणकट भाऊ) किंवा त्या तोडीचा माउंट आणि वर सगळं धरून सहा-सात किलोपेक्षा जास्त नाही. नवा माउंट आला की घरातच, दिवसा, अक्षांश लावून दोन्ही अक्ष हाताने पूर्ण फिरवून बघतो. दांडा पायाला लागत असेल तर ट्रायपॉडवर एक्स्टेन्शन पिलर बसवतो. ट्रायपॉडचे पाय कधीच पूर्ण उघडत नाही, वाकून काम करतो, पाठ दुखली तरी चालेल. ध्रुव दिसत नसेल तर होकायंत्रावर विसंबायचं नाही. मुळात ध्रुव ताराच खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून जरा लांब आहे. ड्रिफ्ट पद्धत (तारा कुठे सरकतो ते बघून अक्ष जुळवणं) शिका, नाहीतर निना या संगणक प्रोग्रॅममध्ये तीन बिंदूंवरून पोलर अलाइनमेंट करण्याची सोय आहे, तिला ध्रुव दिसावा लागत नाही.

डोळ्याला हवं तेच कॅमेऱ्याला हवं, असं समजणं

डोळ्याला व्यास हवा. २०० मिलिमीटरचा आरसा ८० मिलिमीटरच्या भिंगापेक्षा सहापट प्रकाश गोळा करतो, आणि ओमेगा सेंटॉरीसारख्या तारकागुच्छात तो फरक पाहिल्याबरोबर जाणवतो. कॅमेरा मात्र मिनिटामिनिटाने प्रकाश साठवतो. त्याला हलकी नळी, छोटी फोकल लेंथ आणि स्थिर माउंट मिळाला की तो खूश. म्हणजे दोघांच्या मागण्या उलट्या दिशेच्या. आणि एक अपेक्षा आधीच खाली ठेवा: मृगातला तेजोमेघ डोळ्याला फिकट राखाडी, फार तर हिरवट दिसतो. फोटोतला गुलाबी रंग आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) शोधू नका.

माझं मत विचाराल तर पहिली दुर्बीण आठ इंची डॉबसोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण). आकाश नकाशावरून शोधायला शिका, एखादा हिवाळा नुसतं बघा. चंद्र, गुरू, शनी यांचे व्हिडिओ घेऊन त्यातल्या चांगल्या फ्रेम एकत्र करता येतात, तेवढं डॉबवर छान जमतं. तेजोमेघ आणि दीर्घिकांचे लांब एक्स्पोजर तिच्यावर होणार नाहीत. आकाश सेकंदाला पंधरा आर्कसेकंद सरकतं, म्हणजे १२०० मिलिमीटरवर त्याच कॅमेऱ्यात सेकंदाला वीसेक पिक्सेल. त्यासाठी पुढे वेगळा ट्रॅकर किंवा माउंट घ्या. दोन साध्या गोष्टी मिळून एका "ऑल-इन-वन"पेक्षा स्वस्त आणि कमी डोकेदुखीच्या पडतात.

तरीही घरात एकाच दुर्बिणीची जागा असेल तर ८० मिलिमीटरची ईडी काच (रंगांची झालर कमी करणारी) असलेली अपवर्तक (भिंगाची दुर्बीण) आणि एचईक्यू-५ तोडीचा माउंट. तिच्यातून चंद्र, शनी, कृत्तिका सुंदर दिसतात. अंधूक दीर्घिका धुरकट ठिपकेच राहतील, ते आधीच मान्य करा. १५० मिलिमीटर व्यास आणि ७५० फोकल लेंथची न्यूटोनियन हा मधला मार्ग, पण त्यात पुढची चूक दबा धरून बसलेली असते.

कॅमेरा लावला, फोकसच येत नाही

हा फोन साधारण रात्री नऊच्या सुमाराला येतो. डोळ्याने बघण्यासाठी बनवलेल्या न्यूटोनियनमध्ये प्रतिमा फोकसरच्या (आयपीस किंवा कॅमेरा बसवायच्या सरकत्या नळीच्या) जवळच तयार होते. डीएसएलआरचा सेन्सर आणि टी-रिंग (कॅमेरा दुर्बिणीला जोडणारी कडी) मिळून ५५ मिलिमीटर मागे जातात. फोकसर पूर्ण आत ढकलला तरी पुरत नाही. बार्लो (पटी वाढवणारं जास्तीचं भिंग) लावला की फोकस येतो, म्हणून लोक बार्लो लावतात, आणि फोकल लेंथ दुप्पट करून माउंटची दैना करतात. नळी फोटोसाठी बनवलेली आहे का, हे घेण्याआधी विचारा. आरसा पुढे सरकवण्याचे किंवा नळी कापण्याचे उद्योग नवशिक्याने करू नयेत. आणि एफ/५ (फोकल लेंथ व्यासाच्या पाचपट) न्यूटोनियनला कोमा करेक्टर (कडेच्या ताऱ्यांना शेपूट फुटू न देणारं भिंग) लागतोच, त्याचे पैसे आधीच बाजूला ठेवा.

"६७५ पट!"

खोक्यावरचा दावा असा: ६० मिलिमीटर व्यास, ९०० फोकल लेंथ, ४ मिलिमीटरचा आयपीस, वर तिप्पट बार्लो. गणित बरोबर, दुर्बीण निरुपयोगी. व्यासाच्या मिलिमीटरच्या दुप्पट ही मर्यादा, म्हणजे १२० पट. खोक्यावर पटींचा आकडा व्यासापेक्षा मोठ्या अक्षरात छापला असेल तर ते खोकं पुन्हा फडताळावर ठेवा.

छोट्या नळीत हजार मिलिमीटर

११४ किंवा १२७ मिलिमीटरचा आरसा, फोकल लेंथ १०००, आणि नळी मात्र हातभर लांब? मग फोकसरमध्ये एक छुपं भिंग बसवलेलं आहे. कोलिमेशन (आरसे एका रेषेत जुळवणं) करताना ते रडकुंडीला आणतं. घेऊ नका.

आल्ट-अझिमथ गोटूवर लांब एक्स्पोजर

वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारा हा माउंट ताऱ्याचा पाठलाग बरोबर करतो, पण चौकट हळूहळू फिरते आणि कडेचे तारे कमानी काढतात. ग्रहांना चालेल. तेजोमेघांना नाही.

आयपीसला लावायचा सूर्यफिल्टर

स्वस्त किटमध्ये अजूनही येतो. काच तडकली तर डोळा गेला. फेकून द्या. सूर्य बघायचा तर फिल्टर नळीच्या तोंडावर, आणि शोधक दुर्बिणीचं झाकण बंद.

दिवाळी सेलमध्ये घाईने खरेदी

आधी कुणाची तरी दुर्बीण वापरा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईकरांना खगोल मंडळ आहे. अमावास्येच्या आसपास एका रात्री पाच-सहा वेगवेगळ्या दुर्बिणींना डोळा लावून बघा. ज्याला एवढाही धीर नाही तो पोलर अलाइनमेंट कुठून करणार? आणि न्यूटोनियन विषुववृत्तीय (ध्रुवाकडे अक्ष रोखायच्या) माउंटवर बसवली की आयपीस कधी डोक्यावर, कधी कमरेखाली जातो, नळी रिंगांमध्ये फिरवत राहावी लागते. असल्या गोष्टी स्क्रीनवर कळत नाहीत.

जूनमध्ये पेटी बंद, ऑक्टोबरला बुरशी

पावसाळ्यात आकाश नाही म्हणून लोक दुर्बीण कपाटात ठेवून विसरतात. दमट हवेत काचेवर बुरशी धरते, आणि ती एकदा कोटिंगमध्ये शिरली की डाग राहतातच. फोमच्या ओलसर पेटीत तर मुळीच ठेवू नका. मी आयपीस आणि कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवतो, नळीच्या दोन्ही टोकांना झाकणं लावतो आणि ऊन पडलं की सगळं सावलीत काढून हवेशीर ठेवतो. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परततो, पुन्हा निळे झाले की गार करून डब्यात.