जपानी घरातली पहिली अंघोळ

जपानमध्ये यजमान कुटुंबाकडे राहायला जाताय? मग पहिल्या रात्रीची अंघोळ नीट समजून घ्या. तिथे टब अंग धुण्यासाठी नसतो. टबाबाहेर छोट्या स्टुलावर बसायचं, साबण-शाम्पू लावून अंग स्वच्छ धुवायचं, फेसाचा थेंबही राहू द्यायचा नाही आणि मगच ४०-४२ अंशांच्या पाण्यात शांत बसायचं. त्याच पाण्यात घरातले सगळे एकामागून एक बसतात. म्हणून बाहेर पडताना टबाचं बूच काढू नका! आपला हात सवयीने तिकडेच जातो. वर झाकण ठेवा, पाणी गरम राहतं. पाहुण्याला बहुधा पहिला मान देतात, तो संकोच न करता घ्या.

शाकाहारी असाल तर निघण्याआधीच कळवा, आणि 'मांस नको' एवढ्यावर थांबू नका. मिसो सूपमध्येसुद्धा (आंबवलेल्या सोयाबीनचं सूप) बहुतेकदा सुक्या माशाचा अर्क असतो, त्याला 'दाशी' म्हणतात. तो चालतो की नाही, स्पष्ट लिहा. भेट म्हणून चिवडा, चकली न्या. आंबे मात्र नेऊ नका, विमानतळावरच काढून घेतील.

स्वच्छतागृहाच्या चपला वेगळ्या असतात, त्या तिथेच सोडा.

घराबाहेर पडताना 'इत्तेकिमास' म्हणा. अर्थ अगदी आपला: जाऊन येते. परतल्यावर 'तादाइमा', म्हणजे 'आले हं', म्हणालात की आतून 'ओकाएरी', म्हणजे 'आलीस, ये', असा आवाज येतो, आणि त्या घरातलं परकेपण तिथूनच सुटायला लागतं.