पुण्यात भाषांवर जगायचं तर

भाषांवर पोट भरतं का, असं एम.ए.ची मुलं विचारतात. भरतं, पण एकाच कामावर क्वचित. माझं जपानी आणि जर्मनवर चालतं: घरभाडं शिकवण्यातून, शिल्लक दुभाष्याच्या कामातून, आणि ती शिल्लक माझ्या अनियतकालिकाच्या, म्हणजे जमेल तेव्हा निघणाऱ्या छोट्या मासिकाच्या, छपाईत जाते. हा क्रम उलटा करू नका.

शिकवण्याबद्दल थोडक्यात. महाविद्यालयात कायम व्हायचं तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, नाहीतर पीएच.डी. लागतेच. तोवर तासिका तत्त्वावर काम मिळतं आणि मानधन सावकाश येतं, म्हणून सोबत खासगी बॅच ठेवा. रानडे इन्स्टिट्यूटपासून मॅक्सम्यूलर भवनापर्यंत परदेशी भाषा शिकणाऱ्यांचा तुटवडा या शहरात नाही.

दुभाष्याच्या कामाचं मात्र सविस्तर सांगते, कारण तिथेच गैरसमज फार. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-२ पातळी गाठली की लोक खूश होतात. पण त्या परीक्षेत बोलणं आणि लिहिणं दोन्ही नसतं. चाकणच्या कारखान्यात जपानी अभियंता मशिनच्या आवाजात, अर्धी वाक्यं गिळत बोलतो, तेव्हा प्रमाणपत्र खिशातच राहतं. आदल्या दिवशी ड्रॉइंग, सुट्या भागांची यादी, बैठकीचा अजेंडा मागून घ्या. देत नसतील तर पुन्हा मागा. जपानी वाक्यात होकार की नकार हे शेवटी कळतं, मराठीतही तसंच. त्यामुळे कामगारांशी मराठीत बोलताना ओघ टिकतो. इंग्रजीत क्रियापद आधी लागतं, म्हणून त्यात बोलायचं असलं की वक्त्याचं क्रियापद येईपर्यंत थांबावं लागतं, आणि तेवढं वाक्य डोक्यात धरण्याचा सराव वर्गात कुणी करून घेत नाही. रोज रेडिओवरच्या बातम्या ऐकून चार-चार वाक्यं परत बोलून बघा. परिषदेत बूथमधलं काम, म्हणजे वक्ता बोलत असतानाच अनुवाद करणं, असेल तर दोघं बसतात आणि वीस-तीस मिनिटांनी माइक बदलतात. ‘एकट्याने दिवसभर करा ना’ म्हणणाऱ्या आयोजकाला सरळ नाही म्हणा.

आता खर्चिक हौस, म्हणजे अनियतकालिक. साठच्या दशकात ‘असो’ हे अनियतकालिक काढणारे आणि पुढे प्रास प्रकाशन उभं करणारे अशोक शहाणे बंगालीतून अनुवादही करत. आपल्याकडे अनियतकालिकं आणि परभाषा यांचं नातं असं जुनं आहे. तुमच्याकडे दुसरी भाषा असेल तर मराठीत न आलेला मजकूर तुम्हीच आणू शकता. हक्क आधी तपासा: जपानी कथाकार अकुतागावा १९२७ साली गेला, त्याच्या कथा मोकळ्या आहेत, हयात कवीची मात्र लेखी परवानगी हवी. पुस्तक म्हणून काढलंत तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात फुकट मिळतो. ऑफसेट छपाईत फर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं) सोळा पानांचा धरतात, म्हणून पानं सोळाच्या पटीत बसवा, नाहीतर कोऱ्या पानांचे पैसे भराल. (आमच्यातल्या एका कवीने ती कोरी पानंही कविता म्हणून खपवली, ते सोडा.) पहिल्या अंकाला डिजिटल छपाईत शंभरेक प्रती पुष्कळ झाल्या. जास्त छापल्यात तर गठ्ठे पेठेतल्या एका खोलीत ठेवायचे कुठे, हे घरमालकालाही विचारून ठेवा.