इलेक्ट्रिक गाडीचं ब्रेक ऑइल: किलोमीटर सोडा, तारीख बघा

"इलेक्ट्रिकला कसलं आलंय ऑइल? वायपरचं पाणी तेवढं भरा, झालं." ठाण्यात, नवी मुंबईत ज्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जर लागलाय, तिथे हे वाक्य कानावर पडतंच. इंजिन ऑइल नसतं हे खरं. पण ब्रेक हायड्रॉलिकच असतात. तुमच्या पायाचा जोर चाकापर्यंत नेतं ते ब्रेक ऑइल, आणि ते हवेतला ओलावा शोषून घेतं. झाकणातल्या बारीकशा वाटेने घेतं, ब्रेकच्या रबरी होजमधूनही घेतं. गाडी वर्षात पाच हजार किलोमीटर चालली की पंचवीस हजार, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. ऐरोलीला खाडीच्या वाऱ्यावर नुसती उभी असलेली गाडीही पावसाळाभर पाणी पीत असते.

दुसरा युक्तिवाद जरा हुशार लोकांचा असतो. रिजनमुळे, म्हणजे वेग कमी करताना मोटरच वीज बनवून बॅटरीत परत भरते त्यामुळे, पॅड तापतच नाहीत, मग ऑइल उकळेल कशाने? रोजच्या ठाणे-बेलापूर रोडवर हे बरोबर आहे. पण पाण्याने दोन नुकसानं होतात, आणि उकळणं हे त्यातलं एकच. दुसरं म्हणजे आतला गंज. कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन, एबीएस युनिटमधल्या (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेतल्या) बारीक झडपा, यांना गंजायला उष्णता लागत नाही, वेळ लागतो. पेट्रोल गाडीत निदान कॅलिपर दिवसभर हलत तरी असतो. इथे तो बहुतेक वेळ आळसावून बसलेला असतो. एबीएस युनिट बदलायची वेळ आली की खर्च किती येतो, ते एकदा सर्व्हिस सेंटरला नुसतं विचारून बघा.

शिवाय उकळण्याचा प्रसंगही येतो. नव्या डॉट ४ ग्रेडच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू मानकाप्रमाणे किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हीच किमान मर्यादा १५५ वर येते. आता लोणावळ्याला हॉटेलात रात्रभर लावून बॅटरी शंभर टक्के केलीत आणि सकाळी बोरघाट उतरायला लागलात असं धरा. साधारण साडेपाचशे मीटरचा उतार आहे. सोळाशे किलोची गाडी तेवढी खाली येताना जवळजवळ २.४ युनिट ऊर्जा सोडते. थोडी हवेत आणि टायरमध्ये जिरते, उरलेली बॅटरीने घ्यायची. पण भरलेली बॅटरी ती घेत नाही, म्हणून रिजन आखडतं आणि भार डिस्क-पॅडवर येतो. ऑइलमधलं पाणी उकळून वाफ झाली की पेडल मऊ पडतं, कारण वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. घाटमाथ्यावरून निघताना ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवा. एवढं केलं तरी पुष्कळ.

पातळी बघणं

सपाट जागा हवी. पोडियम पार्किंगचा रॅम्प चालत नाही. बॉनेट उघडा, नारिंगी वायरींना हात लावू नका (त्यांत जास्त व्होल्टेजची वीज असते), ड्रायव्हरच्या बाजूला काचेखाली अर्धपारदर्शक डबी शोधा. इलेक्ट्रिक गाडीत कूलंटच्याही एकदोन डब्या असतात, त्यामुळे झाकणावर ब्रेकचं चिन्ह आणि 'डॉट' लिहिलेलं वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. बाहेरून फडकं मारा, मोबाईलचा टॉर्च मागून धरा, पातळी मिन आणि मॅक्सच्या मध्ये दिसली की काम झालं. झाकण उघडायचं नाही. जुलैमध्ये तर नाहीच नाही. दर महिन्याला झाकण काढून बोट बुडवणारे लोक मी पाहिलेत. ते ऑइल तपासत नाहीत, ओलं करतात.

पातळी खाली गेलेली दिसली तर ओतू नका. पेट्रोल गाडीत पॅड झिजतात तशी पातळी हळूहळू उतरते, ते समजू शकतं. इलेक्ट्रिकमध्ये पॅड इतके सावकाश झिजतात की दोन महिन्यांत नजरेला कळण्याइतकी घट झाली तर आधी गळतीचाच संशय घ्यावा. चारही चाकांची आतली बाजू बघा, पेडलच्या वरच्या बाजूला ओल आहे का बघा. गाडी चालू करून पेडल दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली जायला लागलं, किंवा ब्रेकचा लाल दिवा लागला, तर गाडी टो करून न्या. "सावकाश नेतो गॅरेजपर्यंत" हे घोडबंदर रोडच्या कंटेनरांमध्ये करायचं धाडस नव्हे.

पाणी किती मुरलंय, ते ओळखणं

सगळे अडकतात ते इथेच. मीही बराच काळ अडकले होते, कारण मिळणारे सल्ले एकमेकांच्या विरुद्ध होते.

पहिला सल्ला रंगाचा: काळं पडलं की बदला. हा सोडून द्या. ऑइल रबराच्या कणांनी आणि वयाने गडद होतं, पाण्याने नव्हे. मधासारखं सोनेरी दिसणारं ऑइलही पाण्याने भरलेलं असू शकतं.

दुसरा सल्ला पेनचा. दोन पिना आणि हिरवे-पिवळे-लाल दिवे असलेला टेस्टर ऑनलाइन स्वस्तात मिळतो आणि लोक त्याचा निकाल देववाणी मानतात. तो पेन पाणी मोजतच नाही. तो ऑइलमधून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून पाण्याचा अंदाज करतो. ही वाहकता ऑइलच्या ब्रँडप्रमाणे बदलते, तापमानाप्रमाणे बदलते, पिनांवर मागच्या वेळचा थेंब सुकलेला असेल तर त्यानेही बदलते. म्हणून पेन आणला की आधी पेनचीच परीक्षा घ्या. तुमच्या गाडीत असलेल्याच ग्रेडचा, शक्यतो त्याच ब्रँडचा, सीलबंद डबा फोडा. त्यातलं ५० मिली काचेच्या कोरड्या ग्लासात घ्या. (हा ग्लास पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही, हे घरात आधीच जाहीर करा. ब्रेक ऑइल विषारी असतं.) पेन बुडवा. हिरवा लागला तर ठीक. नव्या ऑइलला पिवळा दाखवत असेल तर त्या ऑइलसाठी हा पेन निकामी. आता त्याच ग्लासात २ मिली पाणी घाला आणि ढवळा. पाणी नळाचं नको, त्यातल्या क्षारांमुळे वाहकता फुगते. इन्व्हर्टरच्या बॅटरीला घालतो ते डिस्टिल्ड वॉटर घ्या. हे मिश्रण वजनाने जवळजवळ ३.७ टक्के पाण्याचं होतं, म्हणजे मानकात 'ओलं' म्हणतात नेमकं तेवढं. आता लाल, निदान लालच्या आधीचा दिवा लागायलाच हवा. लागला नाही तर पेन परत करा आणि पैसे मागा.

पेन पास झाला की गाडीकडे वळा. यासाठी झाकण उघडावं लागतं, म्हणून हे काम वर्षातून एकदाच, कोरड्या दिवशी. बऱ्याच डब्यांत तोंडाशी जाळी असते आणि पेन नीट बुडत नाही. अशा वेळी मेडिकलमधून आणलेल्या नव्या, कोरड्या सिरिंजने चार-पाच मिली ओढून ग्लासात घ्या. थेंब रंगावर पडला तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. पुसलंत तर तो पसरतो आणि रंग उचलतो. नमुना पुन्हा डबीत टाकायचा नाही.

आणि आता खरी गोम. तुम्ही तपासलं ते डबीतलं ऑइल. सगळ्यात जास्त जाच सोसतं ते चाकाजवळचं. होजमधून शिरलेलं पाणी तिथेच असतं, आणि नळीतलं ऑइल स्वतःहून फिरून डबीत येत नाही. त्यात काही वर्कशॉपची एक लाडकी युक्ती आहे: सर्व्हिसला डबीतलं जुनं ऑइल ओढून घ्यायचं, वरून नवं भरायचं, आणि बिलात 'ब्रेक ऑइल बदललं' लिहायचं. माझ्या ओळखीच्या एका गाडीत डबी हिरवी दाखवत होती. मागच्या चाकाच्या ब्लीडरमधून (ऑइल आणि हवा बाहेर काढायच्या छोट्या स्क्रूमधून) काढलेल्या थेंबांना त्याच पेनने सरळ लाल दिवा दिला. तेव्हापासून माझा नियम एकच. पेनने लाल दाखवलं तर बदला. हिरवं दाखवलं तर त्याचा काहीही अर्थ काढू नका, तारीख बघा. मॅन्युअलमध्ये दिलेली मुदत पाळा, आणि किलोमीटर व वर्षं दोन्ही दिली असतील तर आधी येईल ते धरा. इलेक्ट्रिक गाडीत सहसा आधी वर्षंच येतात. मुदतच सापडली नाही तर दोन वर्षं धरा.

बदलून घेणं

हे घरी करू नका. मी पेट्रोल गाड्यांचं घरी करत आले आहे, तरी सांगते. जुन्या पद्धतीत एकजण पेडल पंप करतो आणि दुसरा चाकाशी ब्लीडर उघडतो. इथे पेडलला पाय लागताच बऱ्याच गाड्या जाग्या होतात, इलेक्ट्रिक बूस्टर स्वतःच दाब तयार करतो, आणि काही गाड्यांत स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये टाकल्याशिवाय हवा पूर्ण निघतच नाही. बूस्टर मदत करतो म्हणून पेडल वरवर ठीक लागतं आणि हवा आत राहून जाते.

तुमचं काम समोर उभं राहण्याचं. डबा सीलबंद आणून समोर फोडायला लावा. ग्रेड झाकणावर लिहिलेला तोच. कमी दाटपणाचं डॉट ४ एलव्ही सांगितलं असेल तर साधं डॉट ४ नको. थंडीत एबीएस आणि ईएसपीच्या (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेच्या) बारीक वाटांतून ते भरभर वाहावं यासाठी ते दिलेलं असतं. डॉट ५.१ आणि डॉट ५ यांत एका टिंबाचा फरक दिसतो, पण डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते बाकीच्या ग्रेडमध्ये मिसळत नाही आणि एबीएसच्या गाडीत घालायचं नाही. चारही चाकांवर नळी लागलेली बघा, मागे ड्रम असले तरी. गडद ऑइल संपून स्वच्छ येईपर्यंत थांबायला सांगा. "मॅडम, तुम्ही लाउंजमध्ये बसा, चहा घ्या" याला नम्रपणे नको म्हणा. वेळ निवडायची मुभा असेल तर दिवाळीनंतरची, हवा कोरडी असते.

मग तारीख मास्किंग टेपवर लिहून बॉनेटच्या आतून चिकटवा.

त्याच भेटीत कॅलिपरच्या स्लाइड पिना काढून साफ करून ब्रेकसाठीचं ग्रीस लावून घ्या. आपल्याकडच्या पावसात, कमी वापरात, त्या अडकतात आणि एकच पॅड तिरका झिजतो. डिस्कवर पावसानंतर येणारा नारिंगी थर मात्र घाबरण्यासारखा नाही: रिजन सगळ्यात खालच्या पातळीवर ठेवा, मागे कोणी नाही हे आरशात बघा, आणि मध्यम वेगातून चार-पाच वेळा ठाम ब्रेक लावा. जागा म्हणाल तर आपल्या सेक्टरचा पहाटेचा रिकामा रस्ता. पाम बीच रोड नको, तिथे मागून येणाऱ्याला तुमचा प्रयोग माहीत नसतो.

डब्यात उरलेलं ऑइल पुढच्या वेळेसाठी ठेवू नका, एकदा उघडलं की तेही पाणी प्यायला लागतं. ते आणि ग्लासातलं मिश्रण बाटलीत भरून, वर नाव लिहून, वापरलेलं ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजला द्या. बेसिनमध्ये ओतायचं नाही.